गळतीचा माग

शनिवारी सकाळी चहाच्या आधी मी गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढतो. नव्या फ्रिजबरोबर आलेल्या खोक्याचा चांगला लांबरुंद पुठ्ठा आहे. आदल्या रात्री तो गाडीखाली सरकवला, की पुढच्या चाकांच्या रेषेत पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारायची आणि कोपऱ्यात तारीख टाकायची. सकाळी जे डाग दिसतील त्यांच्याभोवती गोल करायचा. मग नोंद: रेघेपासून किती मागं, मधोमध की डावीकडं, काळा की पिवळसर, रुपयाएवढा की वाटाण्याएवढा. गेल्या तीन वर्षांतले असे पुठ्ठे मी गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवले आहेत. डॉक्टरकडं जाताना जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत, तसे ते मला उपयोगी पडतात.

गाडी आहे १९७० सालची एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची, गडद हिरवी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या डिडकॉट गावात आम्ही राहतो, आणि ही गाडी जिथं तयार झाली ते अ‍ॅबिंग्डन इथून जेमतेम वीस मिनिटांवर आहे. मी ती विकत घेतली तेव्हा तिचं इंजिन ठणठणीत होतं, गिअर लोण्यासारखे पडत होते, पण पहिल्याच रात्रीच्या पुठ्ठ्यावर अकरा डाग होते. त्यातले सात एकाच ठिकाणी, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेले असतात त्याच्या बरोबर खाली.

एका गॅरेजवाल्यानं गाडी लिफ्टवर घेतली, खालून विजेरी मारली आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलंय. सील स्वस्त असतं, पण एमजीबीत ते बदलायचं तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं, आणि मजुरीचा आकडा हजार पौंडांच्या वर जातो. मी होकार देणारच होतो. पण घरी येताना डोक्यात एक आवाज घुमायला लागला, चाळीस वर्षांपूर्वीचा, कोल्हापूरचा: ‘आदी पूस. मग बघ. मग हात लाव.’

*

माझ्या वडिलांकडं अँबॅसिडर होती. शिवाजी उद्यमनगरात एका वस्तादांकडं ती दुरुस्तीला जायची आणि सुट्टीत मीही तिच्याबरोबर जायचो. उद्यमनगर म्हणजे ओतकाम, लेथ, इंजिनं यांची वस्ती. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ठोकाठोक चाललेली. वस्ताद अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून कमी. ‘चेंबरमधनं तेल गळतंय’ असं सांगत कोणी गाडी आणली, की ते आधी पोराला घासलेटची बादली आणि ब्रश घेऊन खाली झोपवायचे. सगळा तेलकट चिखल धुऊन लोखंड कोरडं होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांच्या शेडचा कायदा. मालक घाई करायचा. वस्ताद म्हणायचे, ‘पडतंय तितनं येतंयच असं न्हाई मालक.’

हे मला त्याआधीच आजोळी समजायला हवं होतं. आजोळ संगमेश्वरकडचं, घर कौलारू. पावसाळ्यात माजघरात एका जागी टपटप सुरू झाली की आजोबा कंदील घेऊन माळ्यावर चढायचे आणि बघायचे मात्र भलतीकडं, आढ्याजवळ. फुटलेलं कौल वर असतं. तिथून शिरलेलं पाणी वाशावरून सरकत येतं आणि जिथं वाशाला गाठ किंवा खाच असेल तिथं थांबून खाली पडतं. थेंबाच्या बरोबर वरचं कौल बदलून काही होत नाही. आजोबा वाशावरची ओली रेघ बोटानं चाचपत चाचपत वर जायचे.

मोटारीच्या इंजिनात तेलही असंच चालतं. त्यात भर वाऱ्याची. गाडी धावत असताना खालून जाणारी हवा तेलाला मागं रेटते. रॉकर कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून पाझरलेलं तेल ब्लॉकच्या अंगावरून उतरत, चेंबरच्या कडेनं सरकत शेवटी मागच्या पत्र्याला येऊन लटकतं, कारण सगळ्यांत खालची कड तीच. म्हणून एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक थेंब शेवटी तिथंच पडतो, मग तो निघालेला कुठूनही असो. तिथं क्लचच्या घराच्या तळाला एक मुद्दाम ठेवलेलं भोक असतं, आणि त्यात एक दुभंगलेली पिन सैल लोंबत असते. गाडी हलली की पिन हलते आणि भोक चिखलानं बुजत नाही. आत तेल साठून क्लच प्लेट भिजू नये, म्हणून ते बाहेर पडायला केलेली ही वाट. त्या पिनेच्या टोकाला थेंब दिसला, की बघणारा मागच्या सीलला दोष देतो.

*

अँबॅसिडर आणि एमजीबी यांचं नातं मला फार उशिरा कळलं. वडिलांच्या गाडीचं पेट्रोल इंजिन १,४८९ सीसीचं. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या घराण्यातलं, त्याचं नाव बी-सिरीज. एमजीबीचं इंजिन १,७९८ सीसीचं, आणि तेही त्याच घराण्यातलं. दोन्हींचा स्ट्रोक अगदी एक, ८८.९ मिलिमीटर. फरक सिलिंडरच्या रुंदीचा. एमजीबीच्या आधीची एमजीए ही देखणी गाडी तर आरंभी त्या १,४८९ सीसीच्याच इंजिनावर धावायची, कार्ब्युरेटर दोन आणि ताकद अधिक, एवढंच. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिलेली आपली टॅक्सी आणि इंग्लंडच्या गल्लीबोळांतून सुसाट जाणारी ही स्पोर्ट्स कार, दोघींची नाळ एक. माझ्या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही ते त्यामुळं. कार्ब्युरेटर कुठं, डिस्ट्रिब्युटर कुठं, टॅपेटच्या झाकणांना हात कुठून घालायचा, हे सगळं आधीपासून माहीत होतं.

जुन्या बी-सिरीज इंजिनांना, म्हणजे अँबॅसिडरच्याही, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर उलट्या आट्यांची चाकोरी कापलेली असायची. शाफ्ट फिरला की ती चाकोरी तेलाला परत आत ढकलायची. इंजिन थांबलं की ढकलणंही थांबायचं आणि राहिलेलं तेल सावकाश बाहेर यायचं. आपल्याकडच्या टॅक्सी स्टँडची जमीन काळी का असायची, त्याचं उत्तर त्या चाकोरीत आहे. एमजीबीला १९६४ च्या अखेरीला तीनऐवजी पाच बेअरिंगचा शाफ्ट मिळाला आणि मागं रबरी ओठाचं सील आलं. माझी गाडी त्यानंतरची. म्हणजे सील आहे, आणि ते जाऊही शकतं. पण ते गेलंय हे ठरवायच्या आधी बाकीच्या जागा तपासून बाद करायला हव्यात.

*

शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर छोटं गॅरेज चालवलेले. मी घासलेटचा इंग्रजी भाऊबंद पॅराफिन आणि ब्रश घेऊन गाडीखाली पडलो होतो, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. सीलबद्दल सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तिला श्वास नीट घेता येतोय का?’

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा दाबलेला वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन कितीही नवं असलं तरी उतरतो. त्याला बाहेर जायला वाट हवी. एमजीबीत ही वाट पुढच्या टॅपेट झाकणावरच्या नळीतून जाते. माझ्या गाडीत ती नळी रबरी पाइपानं दोन्ही कार्ब्युरेटरना जोडलेली आहे, म्हणजे कार्ब्युरेटर स्वतःच्या ओढीनं तो वायू शोषून पुन्हा जाळून टाकतात. ही वाट तुंबली की वायू आत कोंडतो, दाब वाढतो, आणि मग तेल सापडेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. चांगलं सीलही अशा वेळी पाझरतं. नवं सील घातलं तर तेही पाझरेल.

शेजाऱ्यांनी चाचणी दाखवली. इंजिन चालू ठेवून तेल घालायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर कागदाचा पातळ चौकोनी तुकडा ठेवायचा. श्वास नीट असेल तर कागद हलकेच आत ओढला जाऊन तोंडाला चिकटतो. माझ्या गाडीवर कागद थरथरला, वर उचलला गेला आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडून रेडिएटरपाशी पडला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

पाइप काढून बघितला तर आतून फुगून त्याचं तोंड जवळजवळ मिटलेलं. झाकणाच्या नळीत तेलाचे शिंतोडे अडवायला तारेची जाळी असते, ती डांबरासारख्या काळ्या चिकट्यानं भरलेली. पॅराफिनमध्ये रात्रभर भिजवून, ब्रशनं घासून, हवा मारून ती मोकळी केली. दोन हात नवा पाइप आणला. खर्च आपल्याकडच्या एका मिसळीच्या बिलाएवढा. पुढच्या शनिवारी पुठ्ठ्यावर चार डाग होते.

*

चारांतले तीन अजून त्याच जागी. आता धुतलेल्या, कोरड्या इंजिनावर मी साधी टाल्कम पावडर उडवली. ब्लॉकची डावी बाजू, चेंबरची कड, टायमिंग कव्हरचा खालचा भाग. हल्ली तेलात मिसळायचा रंग आणि तो उजळवणारा जांभळा दिवाही मिळतो, आणि अडचणीच्या जागी तो बरा. पण पावडरीवर तेल कुठून कुठं गेलं याचा नकाशा उमटतो. वीस मैल फिरून आलो, गाडी थंड होऊ दिली आणि आरसा घेऊन खाली शिरलो. पांढऱ्या पावडरीतून एक करडी, करंगळीएवढी वाट खाली आली होती. बोट ठेवलं आणि वर गेलो. वाट मागच्या टॅपेट झाकणाच्या खालच्या कोपऱ्यापाशी संपली. क्रँकशाफ्टच्या सीलच्या आसपासची पावडर तशीच पांढरी.

बी-सिरीज इंजिनाच्या डाव्या अंगाला पत्र्याची दोन झाकणं असतात, प्रत्येक मधोमध एका बोल्टनं धरलेलं. आत कॉर्कचं पॅकिंग. त्यांच्यावर इनलेट आणि एक्झॉस्टच्या नळ्या येतात, त्यामुळं हात पोचत नाही, आणि एक्झॉस्टच्या धगीनं मागचं कॉर्क भाजून कडक होतं. पाझर लागला की कोणीतरी पाना लांबवून बोल्ट आणखी आवळतो. तिथं चूक होते. आवळलेला बोल्ट पत्रा मधे आत ओढतो आणि कडा बाहेर उचलल्या जातात, म्हणजे जितकं घट्ट तितकं गळतं. हे झाकण कोणीतरी वर्षानुवर्षं आवळत आलं असणार.

दोन कार्ब्युरेटर, त्यांच्यामागचा उष्णतेचा पत्रा आणि नळ्यांचा जोड काढायला एक अख्खा शनिवार गेला. झाकण हातात आल्यावर मी ते खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवलं आणि मागून विजेरी धरली. कडेखालून उजेडाची चंद्रकोर दिसत होती. कॉर्क नखानं मोडलं, बिस्किटासारखं. लाकडी ठोकळा आणि छोटी हातोडी घेऊन पत्रा सरळ करायला बसलो. एक टोला, काचेवर ठेवून बघणं, पुन्हा एक टोला. पाऊण तासानं उजेड बंद झाला. नवं कॉर्क झाकणाच्या बाजूला चिकटवलं, ब्लॉकच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे पुढच्या वेळी ते न फाटता निघेल. चिकटवलेलं झाकण रात्रभर दाबून ठेवायला वजन हवं होतं. आईनं दिलेला दगडी खलबत्ता त्यावर ठेवला.

सिलिकॉनची नळी मी जवळ ठेवत नाही. लोक ती दोन्ही बाजूंना भरभरून लावतात. बाहेर आलेली सिलिकॉनची कड दिसते, पण तेवढीच आतही गेलेली असते. ती तुटून तेलात पडते आणि पंपाच्या जाळीला अडकते. तिथं तेल अडलं तर बेअरिंग जातात. एका थेंबाच्या भीतीनं इंजिन पणाला लावण्यासारखं ते आहे.

उद्यमनगरात पॅकिंग विकत घ्यायची पद्धतच नव्हती. वस्ताद पॅकिंगचा जाड कागद थेट लोखंडी भागावर पसरायचे, अंगठ्यानं घट्ट धरायचे आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टुकटुक करत जायचे. हातोडीखालची धारदार लोखंडी कडच कागद कापायची. बोल्टच्या भोकांवर हातोडीचा गोल डोळा ठेवून एकेक टिचकी, की गोल टिकली बाहेर. टोला हलका, आवाज एका लयीत. जास्त जोरात मारलं तर लोखंडाची कड बोथट होते, म्हणून पोरांना हे काम दोन वर्षं देत नसत. मी ते कागदी पॅकिंग हातात घेऊन सूर्याकडं धरायचो. आकृती इतकी नेमकी असायची, की पुढं कॉलेजात ड्रॉइंगच्या तासाला मला ती आठवायची.

*

अ‍ॅबिंग्डनला मी हा लेख लिहायच्या निमित्तानं पुन्हा गेलो. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या विक्री-दुरुस्तीच्या दुकानावरून एमजी हे नाव आलं. विल्यम मॉरिस मालक आणि सेसिल किंबर व्यवस्थापक. किंबरनं मॉरिसच्या साध्या गाड्यांना नवी अंगं चढवून वेगवान गाड्या करायला सुरुवात केली आणि १९२९ साली हा उद्योग अ‍ॅबिंग्डनला, एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात आला. सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली एमजीबी घडली. १९६२ ते १९८० या काळात, टपाच्या आणि पक्क्या छपराच्या मिळून, पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. १९८० च्या ऑक्टोबरात कारखाना बंद झाला. आता तिथं इतर धंद्यांच्या शेड आहेत. शेजारच्या किंबर हाउसमध्ये १९३० साली स्थापन झालेल्या एमजी कार क्लबचं कार्यालय आहे, आणि गावातल्या सतराव्या शतकातल्या काउंटी हॉलमध्ये, संग्रहालयात, अखेरच्या गाड्यांपैकी एक उभी आहे.

कारखाना गेला, पण गाडी मात्र सुट्या भागांअभावी मेली नाही. पश्चिमेला विटनी गावातली ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर एमजीबीचे अख्खे सांगाडे १९८८ पासून नव्यानं बनवत आली आहे. बाकी स्क्रूपासून टपापर्यंत सगळं टपालानं घरी येतं. ही मोठी सोय आहे, आणि माझ्या मते त्यातूनच एक वाईट खोडही लागली आहे. भाग सहज मिळतो म्हणून माणसं निदान करायच्या आधीच भाग बदलतात. शिवाय नवा भाग जुन्याहून चांगला असेलच असं नाही, विशेषतः रबर. एका विक्रेत्याकडून घेतलेले सस्पेन्शनचे बुश वर्षाच्या आत चिरले, तर त्यांच्या जागी होते ते निदान पंधरा वर्षं टिकलेले. तेव्हापासून काढलेला भाग मी वर्षभर तरी फेकत नाही.

*

सगळ्या गळत्या सारख्या नसतात. गावाबाहेर एका पबच्या अंगणात रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथं निवृत्त परिचारिका असलेल्या एक बाई लाल एमजीबी घेऊन येतात आणि सगळं काम स्वतः करतात. अपघात विभागात त्यांची तीस वर्षं गेली. त्यांनी मला एकच विचारलं, ‘तेलाचं बोलतोयस, ठीक. ब्रेकच्या नळ्या शेवटच्या कधी बघितल्यास?’

त्यांची वर्गवारी मी आता पाळतो. इंजिन तेल थांबू शकतं. पातळी तपासत राहायची, पुठ्ठा घालायचा, सवडीनं काम करायचं. ब्रेकचं तेल थांबू शकत नाही. मागच्या ड्रमच्या आत जे छोटे सिलिंडर असतात ते पाझरले, की टायरची आतली बाजू ओली दिसते. मास्टर सिलिंडर पाझरला की तेल पेडलच्या वरून आत झिरपतं, म्हणून पेडलमागचा गालिचा महिन्यातून एकदा हातानं चाचपायचा. ते तेल रंगावर पडलं तर रंग उलतो, तीही एक खूण. क्लचचं तेलही तेच. क्लचचा पेडल मऊ लागायला लागला की खाली स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीची घडी उलगडून बघायची, आत ओल असेल तर त्याच दिवशी काम.

पेट्रोल तर एक थेंबही नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडं ते प्रमाण आता २० टक्क्यांवर गेलं आहे, त्यामुळं पुण्या-मुंबईत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी हे अधिकच मनावर घ्यायला हवं. जुनं रबर इथेनॉलसाठी केलेलंच नव्हतं. ते आतून मऊ होतं, फुगतं, बाहेरून चिरतं. डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला कळतं. स्वच्छ फडकं पेट्रोलच्या पाइपावरून आवळून फिरवायचं आणि हुंगायचं. फडक्याला वास आला तर पाइप आतून झिरपतोय. नवा घेताना आर ९ प्रतीचा मागायचा, तो इथेनॉलला टिकतो. कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची बारीक नळी आणि फ्लोटची सुई, या दोन जागाही त्याच फडक्यानं बघायच्या. तापलेला एक्झॉस्ट त्यांच्या बरोबर खाली आहे.

शॉकअप्सरचं लवकर सांगून टाकतो. एमजीबीचे शॉकअप्सर नळीसारखे नसतात. लोखंडी डबी, तिच्यातून निघालेला हात आणि आत तेल, अशी त्यांची रचना. पुढच्या बाजूला तर तो हात म्हणजेच सस्पेन्शनचा वरचा दांडा. डबीतून तेल ओघळायला लागलं की नुसतं वरून तेल भरत राहणं हे फक्त वेळ काढणं. ते उतरवून कारागिराकडं पाठवायचे, घरी करायचं काम ते नव्हे.

*

विजेच्या बारीकसारीक तक्रारींबद्दल या गाड्या बदनाम आहेत, आणि मला ती बदनामी अन्यायाची वाटते. माझ्या गाडीचा मागचा उजवा दिवा मंद जळायचा. उजवीकडं वळायचा इशारा दिला की ब्रेकचा दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकायचा. बल्ब बदलून बघितले, काही नाही. मग मीटर काढला. एक टोक दिव्याच्या धातूच्या घराला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. दिवा चालू असताना तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. आलं २.३ व्होल्ट. म्हणजे वीज दिव्यापर्यंत व्यवस्थित येत होती, परत जायला तिला रस्ता नव्हता, म्हणून ती शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट काढत होती. काळी अर्थिंगची वायर डिकीतल्या एका बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट सोडवला तर खाली रंग, गंज आणि त्यावर पुन्हा रंग. पॉलिश पेपरनं पितळी डोळा आणि पत्रा चमकेपर्यंत घासले, थोडं व्हॅसलीन लावलं, बोल्ट आवळला. मीटरवर ०.१. दिवा लख्ख.

यात कुणा कंपनीची चूक नव्हती. पन्नास वर्षांचा ओलावा होता. इंजिन रबरी पायांवर बसवलेलं असतं म्हणून त्याला अंगाशी जोडणारा एक जाड तांब्याचा पट्टा असतो. तो सैल झाला तर सेल्फ मारताना एवढा मोठा प्रवाह चोकच्या बारीक केबलमधून जायला बघतो. एका थंडीत सेल्फ कण्हत होता आणि चोकची मूठ हाताला कोमट लागली, तेव्हा मी बॅटऱ्यांकडं न बघता थेट खाली गेलो. पट्ट्याचा नट बोटानं फिरत होता.

*

पण गाडीला खरी मारते ती आभाळाची गळती. तेल गळून लोखंड उलट टिकतं. पावसाचं पाणी ते आतून खातं.

एमजीबीत काचेच्या पुढं हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्यातून पडलेलं पाणी खालच्या पेटीत जमतं आणि एका नळीनं गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर जातं. शरद ऋतूत झाडांची पानं जाळीतून आत पडतात, कुजतात, नळीचं तोंड बुजतं. मग पेटी भरते आणि पाणी हीटरवाटे पायाशी उतरतं. लोक टपाला दोष देतात, टप बदलतात. पहिल्या वर्षी मीही काचेचं रबर बदललं होतं. मग एकदा टप मिटवून, कोरड्या दिवशी, नुसत्या जाळीत तांब्यानं पाणी ओतलं. तिसऱ्या तांब्याला डाव्या पायाखालचा गालिचा भिजला. एक लांब मऊ तार खालून वर घातली आणि मूठभर काळा पाला निघाला, चहाच्या चोथ्यासारखा.

हे पाणी आत राहिलं तर ते दारांखालच्या पोकळ तुळयांत उतरतं. छप्पर नसलेल्या गाडीचं सगळं बळ त्या तुळयांत असतं. बाहेरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा चुरा, अशा गाड्या मी बघितल्या आहेत. एकीचं दार उघडून मिटताना अडकत होतं, कारण गाडी मधे वाकायला लागली होती. म्हणून दारांच्या तळाची भोकं आणि तुळयांची भोकं मी दर ऑक्टोबरात तारेनं मोकळी करतो आणि आत मेणाचं द्रावण फवारतो. आजोळी मे महिन्यात घर शाकारायचे, कौलं उतरवून, झाडून, फुटकी वेगळी काढून पुन्हा बसवायचे. त्याच कामाचा हा इथला महिना.

*

गेल्या शनिवारच्या पुठ्ठ्यावर एकच डाग होता. वस्ताद आता नव्वदीला टेकले आहेत, शेड नातू चालवतो. त्यानं व्हिडिओ कॉल लावून दिला. मी पुठ्ठा फोनसमोर धरला.

‘जवळ आण की रं,’ वस्ताद म्हणाले. ‘काळा का पिवळा?’

‘पिवळसर, वस्ताद. स्वच्छ आहे.’

‘गिअरबॉक्सात कंचं तेल घालत्यात तिकडं?’

‘इंजिनचंच. वीस-पन्नास.’

‘मग इंजिनातलं काळं पडल्यालं असतंय. ह्ये न्हाई पडल्यालं.’ ते थोडा वेळ पुठ्ठ्याकडं बघत राहिले. मागं शेडमध्ये कोणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं. ‘रेघेपास्नं किती मागं हाय?’

मी टेप लावून अंतर सांगितलं.

‘गिअरबॉक्सच. पर आदी पूस,’ वस्ताद म्हणाले, आणि फोन नातवाकडं दिला.

पॅराफिनची बादली मी बाहेर काढून ठेवली आहे.